डोंगरावरची शर्यत आणि मनगटावरचे घड्याळ



मंगळवारची सकाळची ओपीडी होती. चाळिशीतले एक गृहस्थ पत्नीच्या खांद्याचा आधार घेत आत आले. यवतमाळ जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या गावी त्यांचे कृषी केंद्र आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांचे वाढलेले वजन आणि काठावर आलेली शुगर पाहून मीच त्यांना रोज चालायला सांगितले होते. चालता चालता ते धावू लागले. वजन नऊ किलोने उतरले, शुगर गोळीशिवाय आटोक्यात आली. इतर पेशंटना मी त्यांचे उदाहरण द्यायचो. त्या दिवशी मात्र दवाखान्याच्या दोन पायऱ्या चढताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आले.

रविवारी ते सह्याद्रीतली एक डोंगरी शर्यत धावून आले होते. अंतर एकवीस किलोमीटर. मागच्या वर्षी त्यांना २ तास ३८ मिनिटे लागली होती. यंदा काहीही झाले तरी अडीच तासांच्या आत यायचे, असे ठरवूनच ते गेले. शर्यतीआधी पेनकिलरची एक गोळी, अर्ध्या वाटेवर दुसरी. चढावर वेळ वाया गेला म्हणून शेवटचा उतार जीव तोडून धावले. परतीच्या ट्रॅव्हल्समध्ये बसले तेव्हाच मांड्या दगडासारख्या झाल्या होत्या. सोमवारी लघवी काळ्या चहासारखी आली. उन्हाळी लागली असेल असे समजून धने-जिऱ्याचे पाणी पिऊन तो दिवसही काढला.

रक्त तपासले. सीपीके, म्हणजे स्नायूंमधून रक्तात उतरणारे एक द्रव्य, साधारणपणे दोनशेच्या आत असते. त्यांचे बेचाळीस हजार होते. किडनीचे काम दाखवणारे क्रिएटिनिन २.९ होते, म्हणजे नेहमीच्या तिप्पट. स्नायू मोठ्या प्रमाणावर तुटले होते आणि त्यांचा गाळ किडनीत अडकत होता. याला आम्ही रॅब्डोमायोलिसिस म्हणतो. सहा दिवस सलाईन, तासातासाची लघवी मोजणे, रोज पोटॅशियम तपासणे. डायलिसिसची वेळ थोडक्यात टळली.

तिसऱ्या दिवशी राउंडला गेलो तर ते थोडे सावरून बसले होते. मला पाहून म्हणाले, "पण सर, टाइम आला नं! दोन एकोणतीस."

मला हसता आले नाही, रागावताही आले नाही. त्यांच्या परवानगीने, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून हे लिहितो आहे. शर्यतीच्या आयोजकांची यात काही चूक नव्हती. चूक असलीच तर ती एका समजुतीची आहे आणि ती समजूत आता आपल्या भागातही रुजते आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. डोंगरावर जरूर धावा. पण डोंगरावर पीबीच्या मागे लागू नका. पीबी सपाट रस्त्यावर करा. असे का म्हणतो, ते आता सविस्तर सांगतो.

पीबी म्हणजे काय आणि डोंगरावर तो का खोटा ठरतो

धावणाऱ्यांच्या बोलीत पीबी म्हणजे पर्सनल बेस्ट. एखादे अंतर तुम्ही आजवर सगळ्यांत कमी वेळात जितक्या वेळात कापले, ती वेळ. पहाटे दारव्हा रोडवर किंवा आर्णी रोडवर धावणाऱ्या कुणालाही विचारा, त्याला आपला पीबी सेकंदासकट पाठ असतो. त्यात गैर काही नाही. आकडा सुधारतो आहे हे दिसले की माणूस व्यायाम सोडत नाही, हे मी शेकडो पेशंटमध्ये पाहिले आहे.

पण तुलना करायची तर दोन्ही वेळची परिस्थिती सारखी हवी. मोठ्या शर्यतींचे नियम करणारे लोक याबाबत फार काटेकोर आहेत. २०११ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये केनियाचा जेफ्री मुताई २ तास ३ मिनिटे २ सेकंदांत धावला. तेव्हाच्या विश्वविक्रमापेक्षा ही वेळ जवळपास एका मिनिटाने कमी होती. तरीही तिला विश्वविक्रम म्हणून मान्यता मिळाली नाही. कारण बोस्टनचा रस्ता सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकूण उताराचा आहे आणि शर्यत सुरू होते तिथून ती संपते ती जागा फार लांब आहे. नियमाप्रमाणे किलोमीटरमागे सरासरी एक मीटरपेक्षा जास्त उतार चालत नाही. जगातल्या सर्वोत्तम धावपटूच्या बाबतीत किलोमीटरला काही मीटरांचा उतार इतका महत्त्वाचा ठरतो. मग घाटातल्या आपल्या दोन वर्षांच्या वेळांची तुलना कशी करायची?

आपल्या राज्यातली उदाहरणे घेऊ. सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून भरते. साताऱ्याहून यवतेश्वर घाटाने कासच्या दिशेला चढायचे आणि मग उतरायचे. डोंगरावर धावणाऱ्यांच्या संख्येसाठी २०१५ मध्ये तिची गिनीज बुकात नोंद झाली. तो निदान डांबरी रस्ता तरी आहे. पुण्याजवळच्या सिंहगड-राजगड-तोरणा या शर्यतीत, जिला सगळे एसआरटी म्हणतात, तीन किल्ल्यांच्या पायवाटा आहेत. दगड, वाळलेले गवत, घसरणारी माती आणि सुमारे १,४०० मीटर उंचीचा तोरणा. आपले यवतमाळ शहर साधारण साडेचारशे मीटरवर आहे.

अशा वाटेवर एका वर्षी धुके आणि भुरभुर पाऊस असतो. दुसऱ्या वर्षी पाऊस उघडतो, ऊन पडते आणि हवेत इतका दमटपणा येतो की घाम वाळतच नाही. घाम वाळला नाही की शरीर थंड होत नाही. एका वर्षी वाट कोरडी, दुसऱ्या वर्षी चिखल. अरुंद वाटेवर पुढचा माणूस हळू असेल तर तुम्हीही हळू. मागच्या वर्षीपेक्षा आठ मिनिटे जास्त लागली याचा अर्थ तुमची तब्येत खालावली असा होत नाही. आठ मिनिटे कमी लागली याचा अर्थ ती सुधारली असाही होत नाही. आकडा सुधारल्याचा आनंद घ्यायला हरकत नाही. पण त्या आकड्यासाठी किडनी पणाला लावावी, इतकी त्याची लायकी नाही.

चढ दम काढतो, पण घात उतारावर होतो

चढावर शरीराला किती जास्त काम पडते याची मोजमापे झालेली आहेत. शंभर पावलांत पंचेचाळीस पावले उंची गाठणाऱ्या खड्या चढावर तेवढेच अंतर धावायला सपाटीच्या पाच पटींहून जास्त ऊर्जा लागते. त्यामुळे चढावर धाप लागते, छाती धडधडते. हा त्रास लगेच जाणवतो, म्हणून माणूस आपोआप हळू होतो. चढ तुम्हाला सावध करतो.

उतार तसे करत नाही. मध्यम उतारावर ऊर्जा सपाटीच्या जवळपास निम्मीच लागते. धाप लागत नाही, वारा लागतो, पाय आपोआप पडत जातात. याच ठिकाणी माणूस घड्याळ बघतो आणि चढावर गेलेला वेळ भरून काढायला निघतो.

त्या वेळी मांडीत काय चालते ते पाहा. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ब्रेकचे काम करतो. तो आकसायचा जोर लावत असतो आणि त्याच वेळी शरीराचा भार त्याला ताणत असतो. ताणला जात असताना जोर लावणारा स्नायू लवकर फाटतो. बारीक बारीक हजारो चिरा पडतात. त्या वेळी दुखत नाही. दुखणे चोवीस ते बहात्तर तासांत वाढत जाते. म्हणूनच शर्यतीच्या दिवशी हसतमुख फोटो काढणारा माणूस मंगळवारी जिना उतरताना कठडा धरतो.

थोडे दुखणे स्वाभाविक आहे. लांब शर्यतीनंतर सीपीके काही हजारांवर जाणेही नवल नाही, म्हणून धावल्यावर उगाच ही तपासणी करून घाबरू नका. पण तयारी नसताना, उन्हात, पाणी कमी पडलेले असताना, जोर लावून उतरले की हे तुटणे मर्यादेबाहेर जाते. स्नायूंतले मायोग्लोबिन रक्तात येते, किडनीत गाळले जाते, तिथे अडकते आणि लघवी काळी होते. काळ्या चहाच्या किंवा कोलाच्या रंगाची लघवी म्हणजे उन्हाळी नव्हे. ती दिसली की त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आपल्याकडच्या धावकांना हा धोका थोडा जास्त आहे, कारण आपला बहुतेक सराव सपाट रस्त्यावर होतो. आपली फुप्फुसे तयार असतात, पण मांड्या उताराला सरावलेल्या नसतात. यावर उपाय सोपा आहे. स्नायूला एकदा माफक उताराची सवय लावली की पुढचे काही आठवडे तो त्याच उताराला बराच कमी दुखावतो. गावाबाहेरची टेकडी असेल तर शर्यतीच्या आधीचे दोन महिने आठवड्यातून एकदा ती हळूहळू उतरा. पुसद, उमरखेडकडच्या मंडळींना डोंगर दारातच आहेत. टेकडी नसेल तर जिना आहेच. चढण्यापेक्षा उतरण्याचा सराव जास्त महत्त्वाचा आहे, ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते.

पेनकिलर खाऊन धावू नका

आमच्या पेशंटने दोन गोळ्या घेतल्या होत्या. "सगळेच घेतात सर," असे त्यांचे म्हणणे. सगळे घेत असतील तर सगळ्यांनाच सांगतो.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन या गोळ्या वेदना कमी करतात ते शरीरातील प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये रोखून. पण तुम्ही घामाने निथळत असता, रक्त पायांकडे वळलेले असते, तेव्हा हीच द्रव्ये किडनीला जाणाऱ्या रक्तवाहिन्या उघड्या ठेवत असतात. ऐन गरजेच्या वेळी तुम्ही किडनीचा नळ बारीक करता.

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऐंशी किलोमीटर धावणाऱ्या ८९ जणांपैकी काहींना आयबुप्रोफेन आणि काहींना दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी दिली. शर्यतीनंतर किडनीला इजा झाल्याची लक्षणे बिनऔषधी गटात ३४ टक्के लोकांत आढळली, तर आयबुप्रोफेनच्या गटात ५२ टक्क्यांत. अभ्यास लहान आहे, बहुतेकांची किडनी पुढे सावरते, हे खरे. पण वेळेसाठी हा जुगार का खेळायचा? शिवाय वेदना हा शरीराचा निरोप आहे. गोळी निरोप्यालाच गप्प करते आणि आतले नुकसान चालूच राहते.

पाणी कमीही नको, जास्तही नको

आमच्या भागात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. "भरपूर पाणी प्या" हा सल्ला आम्ही डॉक्टरांनीच तुमच्या मनावर बिंबवला आहे आणि उन्हाळ्यात तो योग्यच आहे. पण तोच सल्ला घेऊन माणूस पावसाळी गार घाटात जातो आणि प्रत्येक स्टॉलवर दोन-दोन ग्लास पाणी रिचवतो. त्याने रक्तातले सोडियम पातळ होते. डोके दुखते, मळमळते, माणूस बरळू लागतो, कधी झटके येतात.

२००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावकांचे रक्त शर्यतीनंतर तपासले. त्यातल्या १३ टक्के लोकांचे सोडियम कमी झालेले होते. ज्यांचे वजन शर्यतीत घटण्याऐवजी वाढले आणि ज्यांना चार तासांहून जास्त लागले, त्यांच्यात हे जास्त आढळले. म्हणून तहान लागेल तेव्हा, तहान भागेल इतकेच प्या. दोन तासांच्या पुढे धावणार असाल तर नुसत्या पाण्याऐवजी मीठ-साखर असलेले पेय मधूनमधून घ्या. तरीही गरजेपेक्षा जास्त काहीच नको, कारण ओआरएसदेखील अती प्यायले तर सोडियम पातळ होतेच.

हृदयाची भीती आणि खर्रा

"धावताना हार्ट अटॅक येतो का हो?" हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि हाफ मॅरेथॉन धावलेल्या सुमारे एक कोटी नऊ लाख धावकांची नोंद तपासली गेली. त्यात ५९ जणांचे हृदय शर्यतीत किंवा लगेच नंतर बंद पडले आणि ४२ दगावले. म्हणजे साधारण एक लाख चौऱ्याऐंशी हजारांत एक. ५९ पैकी ५१ पुरुष होते. धोका फार लहान आहे. न धावता खुर्चीत बसून राहण्याचा धोका याहून कितीतरी मोठा आहे.

पण तो लहान आकडा सगळ्यांना सारखा वाटून येत नाही. चाळिशी ओलांडलेली, बीपी किंवा शुगर असलेली, घरात कुणाला लवकर हृदयविकार झालेला आणि दिवसाला चार-पाच खर्रे खाणारा माणूस जर थेट घाट धावायला निघाला, तर त्याचा आकडा वेगळा आहे. आपल्याकडे धावणाऱ्यांमध्येही खर्रा चालतो, हे मला माहीत आहे. "धावतो, त्यात सगळं निघून जातं" हा भ्रम सोडा. अशा मंडळींनी डोंगरी शर्यतीची फी भरण्याआधी डॉक्टरांकडे जावे, ईसीजी काढावा, गरज वाटल्यास डॉक्टर स्ट्रेस टेस्ट सांगतील. धावताना छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, डोळ्यांपुढे अंधारी आली की तिथेच थांबायचे. घड्याळात किती वाजले ते पाहायचे नाही.

आपल्या भागासाठी खास गोष्ट : सिकलसेल

आमच्या पेशंटची गोष्ट इथे थोडी वळण घेते. इतके स्नायू का तुटले, याचे कारण शोधताना आम्ही त्यांची सिकलसेलची तपासणी केली. ते वाहक निघाले. रिपोर्टवर ज्याला 'एएस' लिहितात तो प्रकार. त्रेचाळीस वर्षे त्यांना हे माहीतच नव्हते.

विदर्भात सिकलसेल पुष्कळ आहे. गोंड, कोलाम, परधान अशा आदिवासी समाजांत आहे, तसेच इतर अनेक समाजांतही आहे. आई आणि वडील दोघांकडून दोष आला तर मूल 'एसएस', म्हणजे रुग्ण होते. एकाकडूनच आला तर 'एएस', म्हणजे वाहक. वाहक असणे हा आजार नाही. वाहक माणूस शेती करतो, मजुरी करतो, पोलीस भरतीत धावतो आणि आयुष्यभर त्याला काही होत नाही.

पण अतिशय जोराच्या, न थांबता केलेल्या श्रमात, उकाड्यात, पाणी कमी पडल्यावर किंवा उंचीवर वाहकाच्या काही तांबड्या पेशीही कोयत्यासारख्या वाकू शकतात आणि स्नायूंचा रक्तपुरवठा तुंबतो. अमेरिकी सैन्यातल्या सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. वाहकांमध्ये मृत्यू जास्त झाले नव्हते. मात्र श्रमामुळे रॅब्डोमायोलिसिस होण्याचा धोका ५४ टक्क्यांनी जास्त होता. अमेरिकेतल्या कॉलेज खेळाडूंसाठी २०१० पासून सिकलसेलची तपासणी नियमात आली, ती एका तरुण वाहक खेळाडूच्या सरावानंतर झालेल्या मृत्यूमुळे.

या दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवा. वाहकाला धावायला बंदी नाही. पण त्याने वेग हळूहळू वाढवावा, मध्ये विसावा घ्यावा, ताप किंवा जुलाब असताना धावू नये आणि दम कोंडेपर्यंत जोर लावू नये. एक फरकही ओळखायला शिका. साध्या पेटक्यात स्नायू कडक गोळा होतो आणि माणूस ओरडतो. पेशी वाकल्यामुळे होणाऱ्या त्रासात स्नायू हाताला फारसा कडक लागत नाही, पण पायांतले बळच जाते आणि माणूस खाली बसतो. अशा धावकाला "उठ, थोडंच राहिलं" म्हणून पुढे ढकलू नका.

१ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते. बोटभर रक्तावर पहिली चाचणी आणि शंका आली तर पुढची पक्की तपासणी. लग्नाआधी ही तपासणी करा असे आम्ही सांगतोच. आता त्यात भर घालतो : भरतीची तयारी किंवा डोंगरी शर्यतीची तयारी सुरू करण्याआधीही करा. आयुष्यात एकदाच करायची असते.

हलके कपडे आणि हवामान

आणखी एक उदाहरण देतो. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात शंभर किलोमीटरची डोंगरी शर्यत होती. दुपारी हवा अचानक फिरली. गारा, गोठवणारा पाऊस, सोसाट्याचा वारा. २१ धावक थंडीने गारठून दगावले. त्यात देशातले नामांकित धावकही होते. बहुतेकांच्या अंगावर पातळ बनियन आणि अर्धी चड्डी होती. आपला सह्याद्री तितका थंड नाही. पण भिजलेल्या अंगाला डोंगरमाथ्यावरचा वारा लागला की कापरे भरते, हे तिथे गेलेल्यांना ठाऊक आहे. शंभर-दीडशे ग्रॅमचे विंडचीटर वेळ वाचवण्यासाठी घरी ठेवू नका.

"मग ध्येयच ठेवायचे नाही का?"

हा प्रश्न तुम्ही विचारणार, आणि तो योग्य आहे. ध्येय नसेल तर पहाटे साडेचारला अंथरूण सुटत नाही. म्हणून मी ध्येय सोडा म्हणत नाही, ध्येयाची जागा बदला म्हणतो.

वेळ सुधारायची असेल तर दिवाळीनंतरच्या थंडीत, सपाट, मोजलेल्या रस्त्यावर दहा किलोमीटर धावा. दर वर्षी त्याच रस्त्यावर, साधारण त्याच महिन्यात. तो आकडा तुमच्या तब्येतीबद्दल खरे सांगेल.

डोंगरावर तीन गोष्टी मोजा. पहिली, चढावर एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता येते का? येत नसेल तर चाला. खड्या चढावर चांगले धावकही चालतात. दुसरी, उतारावर पावले लहान आहेत का आणि पुढची दहा पावले दिसत आहेत का? तिसरी माझी आवडती आहे : सोमवारी सकाळी कठडा न धरता जिना उतरता येतो का आणि लघवी नेहमीसारखी आहे का? या तिन्ही गोष्टी मागच्या वर्षीपेक्षा बऱ्या असतील तर तुम्ही सुधारलात, मग घड्याळ काहीही दाखवो.

शर्यतीनंतर पुढीलपैकी काही झाले तर घरगुती उपाय करत बसू नका :

१. काळपट किंवा लालसर लघवी, किंवा आठ-दहा तास लघवीच न होणे
२. मांड्या-पोटऱ्या फुगून टणक होणे, किंवा पायांत बळ न राहणे
३. सतत उलट्या, डोकेदुखी, असंबद्ध बोलणे
४. छातीत दुखणे, चक्कर येऊन पडणे
५. अंग भाजत असून माणूस गोंधळलेला असणे. अशा वेळी आधी तिथेच अंगावर गार पाणी ओतून वारा घाला, मग गाडीची वाट पाहा.

आणि डॉक्टरांना "मी पेनकिलर घेतली होती" हे आपणहून सांगा. ते लपवण्यात काही फायदा नाही.

आमच्या कृषी केंद्रवाल्या भाऊंचे क्रिएटिनिन सहा आठवड्यांत पूर्ववत झाले. त्यांच्या दोन्ही मुलांची तपासणी झाली. धाकटी वाहक आहे, आता घरात सगळ्यांना माहीत आहे. तीन महिन्यांनी त्यांनी पुन्हा चालण्यापासून सुरुवात केली. परवा दोघे नवरा-बायको आले. यंदाच्या शर्यतीची फी भरून झाली होती. विचारायला नव्हे, सांगायलाच आले होते.

मी नाही म्हणालो नाही. ज्या धावण्याने त्यांची शुगर सुटली ते बंद करायला लावणे मला पटत नाही. औषधांच्या चिठ्ठीवर मी पाच ओळी लिहून दिल्या : घड्याळ पिशवीत ठेवायचे. पेनकिलर नाही. दर तीन-चार किलोमीटरला दोन मिनिटे थांबायचे. पाय ढिले पडले तर शर्यत तिथेच सोडायची. शेवटचा उतार चालत उतरायचा.

त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. "उतार चालत, सर? लोक हसतील."

मी काही बोलण्याआधी वहिनीच म्हणाल्या, "हसू द्या. सोमवारी दुकान उघडायचं आहे."